झेंडूतला लाल भुंगा आणि काळा भुंगा: एकच की दोन?

गुंठाभर_फुलं

नमस्कार मंडळी. मी सासवडच्या बाजूची. अंजीर-सीताफळाचं सगळं आमचे हे बघतात, माझ्या वाट्याला दसऱ्याचा झेंडू. अर्धा भगवा, अर्धा पिवळा. तोडा आता कुठे सुरू झालाय आणि फुलात एक भुंगा दिसायला लागलाय.

धाकट्यानं कंपासपेटीतली पट्टी लावून मोजला, 13 मिलिमीटर भरला. फोटो त्यानंच काढलेत, खाली टाकते. पाठ चपटी, विटकरी लाल. त्यावर काळे मोठे डाग आणि कडेकडेनं पांढरे ठिपके, कुणी चुन्याचं बोट टेकवत गेल्यासारखे. चकाकत नाही अजिबात. दिसायला देखणा आहे हो, खोटं कशाला बोलू. पण फुलात डोकं खुपसून, मागची बाजू वर करून तासन् तास बसतो, आणि उठला की मधल्या पाकळ्यांचा चोथा झालेला असतो. असं फूल मार्केट यार्डात कोण घेणार? हारवाले आधी फुलाचं तोंड बघतात.

आता खरी अडचण सांगते. त्याच वाफ्यात, कधी कधी त्याच फुलात, दुसरा एक बसलेला असतो तो जवळजवळ काळाच. लाल म्हणाल तर कडेला जेमतेम एक पट्टा. आणि काल एक तिसरा सापडला, तो लालच, पण त्याला पांढरे ठिपकेच नाहीत. पाठ कोरी.

औषधाच्या दुकानात फोटो दाखवला तर म्हणे, ताई, या दोन वेगळ्या किडी, दोन औषधं न्या, आलटून पालटून मारा. दोन बाटल्यांचा भाव ऐकून मी तशीच परत आले. शिवाय शेजाऱ्यांची काकडी फुलात आहे, मधमाश्या माझ्याच झेंडूवरून तिकडे जातात. भर फुलात फवारा मारायचा माझा जीव होत नाही.

तर सांगा: हे एकच की दोन की तीन? आणि ओळखायचं कशावरून? काळा नर आणि लाल मादी असं काही असतं का?

ऊसवाला_मिरज

ताई, डोळे झाकून हुमणी आहे ही. लाल-काळ्याच्या भानगडीत पडू नका. आमच्या नदीकाठाला हुमणीनं उभा ऊस वाळवलाय, ऊस धरून ओढला की बुडासकट हातात यायचा, मुळं सगळी खाल्लेली. तुमचा शेणखताचा ढीग उकरून बघा, पांढऱ्या, वाकड्या, लाल डोक्याच्या अळ्या निघतील. निघाल्या की समजा घर भरलं. आत्ताच बंदोबस्त करा, पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबू नका.

पट्टी_आणि_भिंग

गुंठाभर ताई, आधी चिरंजीवांना माझ्याकडून शाबासकी द्या. पट्टी ठेवून फोटो काढणारा माणूस इथे क्वचित येतो. बाकीचे एक धूसर ठिपका टाकतात आणि खाली लिहितात, 'कोण आहे हा?' मी साताऱ्यात शाळेत विज्ञान शिकवायचो. निवृत्तीनंतर भिंग तेवढं सुटलेलं नाही, म्हणून जरा लांब लिहितो.

तिन्ही भुंगे एकाच जातीचे आहेत. गॅमेटिस व्हर्सिकलर. शेतीच्या जुन्या पुस्तकांत तुम्हाला ऑक्सिसेटोनिया व्हर्सिकलर असं मिळेल. नाव बदललं, किडा तोच. फाब्रिसियस नावाच्या डॅनिश अभ्यासकानं 1775 साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, म्हणजे इकडे शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून होऊन दोनच वर्षं झाली होती. तेव्हापासून हा किडा रंगावरून लोकांना चकवतोय.

रंगावर जाऊच नका. या जातीत विटकरी लाल, नारिंगी, मळकट तपकिरी, लाल कमी होत होत जवळजवळ काळा, असं सगळं सापडतं, आणि एकाच वाफ्यात सापडतं. काळा नर आणि लाल मादी असला काही हिशेब नाही. याचा जपानमधला सख्खा नातलग, गॅमेटिस जुकुंडा, तोही असाच. बहुतेक हिरवे, पण तांबूस आणि काळेही निघतात. ज्या घराण्याची रीतच ही, तिथे रंग बघून दोन औषधं विकणं म्हणजे धन्य आहे.

मग बघायचं काय? ठेवण. सकाळी गारठ्यात भुंगा सुस्त असतो, चावत नाही, डंख नाही. तळहातावर घ्या आणि असं बघा.

दोन्ही टणक पंख पाठीवर मिटून मधोमध एका सरळ रेषेत भेटतात. त्या रेषेच्या वरच्या टोकाला, मानेकडच्या भागाला लागून, एक तिकोनी तुकडा दिसतो. तुमच्या तिन्ही फोटोंत तो स्पष्ट आहे, टोक मागे वळलेला लांबट तिकोन. याच्यासारखेच ठिपकेदार दिसणारे क्लिंटेरिया जातीचे भुंगेही फुलांवर येतात. त्यांच्यात मानेकडचा भाग मधोमध मागे वाढून हा तिकोन जवळजवळ पूर्ण झाकून टाकतो. तिकोन उघडा की झाकलेला, एवढं पाहिलं तरी निम्मा गोंधळ संपतो.

आता खांदा बघा. मानेकडच्या भागाचा कोपरा आणि पंखाचा खांदा यांच्या फटीत, वरूनच दिसणारा एक लहान कठीण तुकडा आहे. इतर बऱ्याच भुंगेऱ्यांत तो वरून दिसत नाही. आणि त्याच खांद्याच्या जरा मागे पंखाची कड एकदम आत गेलेली आहे. बाजूनं प्रकाशात धरा, खाच दिसेल.

त्या खाचेचं काम फार मजेशीर आहे. बहुतेक भुंगेरे उडताना वरचे टणक पंख दोन्ही बाजूंना उघडून धरतात. हा उघडत नाही. टणक पंख मिटलेलेच, आणि आतले पातळ पंख त्या खाचांतून बाहेर काढून सरळ उडतो. म्हणून तो फुलावरून सुटतो तेव्हा तयारीला वेळ लागत नाही, भुर्र होतो आणि आवाज मोठ्या माशीसारखा येतो. धाकट्याला मोबाइलवर संथ चित्रण करायला सांगा, त्याची सुट्टी सत्कारणी लागेल.

पांढऱ्या ठिपक्यांबद्दल. ते रंगद्रव्य आत मुरलेले ठिपके नव्हेत. कवचावर बसलेला तो पांढरा पातळ थर असतो आणि घासला की निघतो. नवा भुंगा ठिपक्यांनी भरलेला असतो, पण फुलात घुसून घुसून, माती उकरून उकरून ते झिजतात. तुमचा कोऱ्या पाठीचा तिसरा भुंगा वयस्कर असणार. त्याला उलटा करून पोटाच्या कडा बघा. तिथे घासणं कमी होतं, म्हणून काळ्या चकचकीत पोटाच्या बाजूला ठिपके बहुधा शिल्लक असतात.

ऊसवाला दादा, तुमच्या नदीकाठचं दुःख खरं आहे, पण ही ती हुमणी नव्हे. कुळ एक, स्कॅरॅबिडी. शेणाचे गोळे लोटणारेही त्याच कुळातले. पण उसाच्या हुमणीचे भुंगेरे, होलोट्रिकिया घ्या नाहीतर ल्युकोफोलिस, एकरंगी तपकिरी असतात. ते वळवाच्या पावसानंतर जमिनीतून निघतात, अंधार पडला की कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि पाला खातात. भर उन्हात झेंडूत बसून पराग खाणारी हुमणी मी पाहिलेली नाही.

खाण्याचंही सांगतो. या पुष्पभुंग्यांचा जबडा मऊ, पडद्यासारखा असतो आणि पुढे केसाळ कुंचला. पराग आणि मध टिपायला ते पुरतं. टणक पान, देठ, खोड कुरतडणं याच्यानं होत नाही. तुमच्या फुलाचा चोथा होतो तो कोवळ्या मधल्या पाकळ्या आणि पुंकेसर चघळल्यानं आणि दातेरी पुढच्या पायांनी उचकल्यानं. झाडाला धोका नाही, विक्रीच्या फुलाला आहे. म्हणून औषधाच्या आधी हात वापरा. उजाडताना, ऊन चढायच्या आत, फूल डब्यावर झटका, डब्यात साबणाचं पाणी. तोडा करायला माणसं लवकर येतच असतील, त्यांच्याकडे एकेक डबा द्या.

माळरान_पारनेर

गुरुजी, मधीच विचारतो, राग मानू नका. आमची बाजरी निसवून फुलोऱ्यात आली की कणसावर हिरवा भुंगा येतो. हा असा सपाट लाल-काळा नाही. हिरवागार, काचेसारखा, आणि अंगभर पिवळट केस. पार पायापर्यंत केस. एकेका कणसावर पाच-सहा डोकं खाली करून लटकत्यात. हात लावला की लगेच उडत नाही, पाय घट्ट रोवून बसतो, ओढला तर कणसाचं भुसकट संगं येतं. केसात पराग अडकून काही तर हिरव्याचे पिवळेच दिसत्यात. गावात म्हणत्यात दाणं भरत नाहीत त्याच्यामुळं. मागं एक तांब्यासारखा लालसरही घावला होता. ह्याचाच भाऊ का?

पट्टी_आणि_भिंग

राग कसला, उलट वर्णन असं असावं. तुमचा हिरवा म्हणजे चिलोलोबा अक्युटा. ताईंच्या भुंग्याचा चुलतभाऊ म्हणा, पुष्पभुंग्यांचंच उपकुळ. खांद्यामागची खाच त्यालाही आहे, केस बाजूला सारून बघावी लागेल. हिरवा, निळसर, तांबूस अशा छटा त्याच्यातही येतात, तेव्हा तुमचा तांब्यासारखा दुसरा कुणी नसावा. ज्वारी, बाजरी, मका आणि माळावरचं गवत, सगळ्यांचा पराग त्याला चालतो. कणीस फुलोऱ्यात असेपर्यंत राहतो, पराग सरला की निघून जातो. थोडे असतील तर दुर्लक्ष करा. दाट झाले असतील तर सकाळी कणसं पिशवीत झटकून घ्या.

कधी मक्यावर काळपट हिरवा, तकाकीचा, बिनकेसाचा आणि बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा दिसला तर तो आणखी वेगळा, प्रोटेशिया. त्याची गोष्ट पुन्हा कधीतरी, नाहीतर ताई म्हणतील माझा धागा पळवला.

श्टुटगार्टची_सून

धागा आणखी थोडा पळवते, माफ करा ताई. इथे जर्मनीत याच कुळातला सेटोनिया ऑराटा असतो, लोक रोझेनकेफर म्हणतात, गुलाबाचा भुंगा. ताईंच्याहून मोठा, धातूसारखा हिरवा, पंखांवर बारीक पांढऱ्या तुटक रेघा. इथे तो कायद्यानं संरक्षित आहे. मारायचा नाही, पकडायचाही नाही. माझ्या सासूबाई मूळच्या सांगलीच्या. त्या पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा गुलाबातला भुंगा चिमटीत धरून चुलीत टाकायला निघाल्या होत्या (इथे चूल कुठली, पण आवेश तोच). शेजारीण कुंपणापलीकडून ओरडत आली.

गुरुजींनी ठेवण सांगितली, मी रंगाचं एक सांगते. थिएटरमधून आणलेला थ्रीडी चष्मा घरात पडला असेल तर नेहमीसारखा डोळ्यांवर लावून या हिरव्या भुंग्याकडे एकेक डोळा मिटून बघा. एका काचेतून तो हिरवा झळाळतो, दुसऱ्या काचेतून काळपट, मेलेला. माझ्या मुलीला हे सापडलं आणि आठवडाभर घरातली प्रत्येक वस्तू तिनं चष्म्यातून तपासली. त्याचा हिरवा रंग द्रव्याचा नाही. कवचात अतिपातळ थर एकावर एक, प्रत्येक थर आधीच्याहून किंचित फिरवून रचलेले असतात, चक्री जिन्यासारखे. त्यांच्यावरून परतणारा प्रकाश डावीकडे पिळलेला असतो आणि चष्म्याची एक काच नेमका तोच अडवते. प्रकाशाचा वेग मोजणाऱ्या मायकेल्सननं 1911 मध्ये मध्य अमेरिकेतल्या एका सोनेरी भुंग्यात हे पाहिलं होतं.

ताईंच्या लाल भुंग्यावर चालेल का हे, गुरुजी?

पट्टी_आणि_भिंग

ताईंच्या लाल भुंग्याकडून अपेक्षा ठेवू नका. त्याची पाठ निस्तेज, मखमली आहे, धातूची चमकच नाही. चष्म्याच्या खेळाला तकाकी लागते. पारनेरच्या दादांनी मात्र आपला हिरवा जरूर तपासावा, बाजरीत थ्रीडी चष्मा लावून उभं राहिलेलं कुणी पाहिलं तर काय उत्तर द्यायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

माळरान_पारनेर

आमच्याकडं आधीच म्हणत्यात पोरगं शिकून बिघडलंय. चष्मा घालून बाजरीत गेलो तर सोयरीक मोडंल.

गुंठाभर_फुलं

मंडळी, आज पहाटे बघितलं सगळं. लाल, काळा आणि कोरा, तिघांना स्टीलच्या ताटलीत शेजारी शेजारी ठेवलं. तिकोन तिघांना आहे, उघडा. काळ्याच्या तिकोनाला तर मी आधी डागच समजत होते. नख फिरवलं तेव्हा कड लागली. खांद्यामागची खाच धाकट्याला आधी दिसली, मला चष्मा पुसून आल्यावर. कोऱ्याला उताणा केला तर खरंच, पोटाच्या दोन्ही कडांना पांढरे ठिपके ओळीनं, जसेच्या तसे. पाठीवर एका जागी अर्धा ठिपका उरलाय, तो मी ओल्या बोटानं चोळला तर बोटाला पांढरं आलं आणि ठिपका गेला. मग जरा वाईटही वाटलं, उगाच पुसला बिचाऱ्याचा.

आणखी एक, गुरुजी. ताटलीत ऊन आलं तसं त्यांनी मिशा बाहेर काढल्या. एवढुशा मिशीच्या टोकाला तीन पानं, पंख्यासारखी उघडली, हलवली, मिटली. काळ्यानं मिटली आणि तसाच उडाला, पाठ बंदच होती! धाकटा चित्रण करायला मोबाइल शोधतोय तोवर तो काकडीच्या मांडवावर पोचला.

डब्यांचं काम सुरू केलंय. तोडायच्या बायका आधी हसल्या, मग पैज लागली कुणाच्या डब्यात जास्त. भगव्या वाफ्यापेक्षा पिवळ्यात जास्त सापडतात असं त्यांचं म्हणणं, मी अजून मोजलं नाही. दुकानदाराला निरोप पाठवलाय की किडा एकच आहे.

फक्त ऊसवाला दादांचं एक पटलंय. शेणखताचा ढीग उकरला, त्यात पांढऱ्या वाकड्या अळ्या आहेत. आता या कोणाच्या? तेच खत मला कांद्याला टाकायचंय.

ऊसवाला_मिरज

बघा! मी काय म्हणत होतो. गुरुजींचं भिंग बरोबर असेल, पण ढिगातली अळी ती ढिगातली अळी. जाळून टाका.

पट्टी_आणि_भिंग

दादा, जाळू नका, चालवून बघा. गंमत नाही करत. मूठभर अळ्या सपाट फरशीवर किंवा ओट्यावर सोडा आणि हात लावू नका, थोडं थांबा. पुष्पभुंग्यांच्या अळ्या उताण्या होतात आणि पाठीवर सरकत सरळ चालू लागतात, पाय वर आकाशाकडे. त्यांचे पाय अंगाच्या मानानं आखूड असतात, पाठीच्या वळ्या आणि केस रोवून त्या पुढे जातात. हुमणीची अळी असं चालत नाही. ती कुशीवर वाकडी होऊन पडते, वळवळते, मातीत डोकं घालायला बघते.

उताण्या चालणाऱ्या अळ्या कुजका पाला आणि शेण खातात, जिवंत मुळं नाहीत. तुमचं खत त्या बारीकच करताहेत, काळ्या गोळ्या गोळ्यांची लेंडी दिसेल. अर्थात त्यातूनच पुढे हे भुंगे निघणार, हेही खरं. पुढच्या हंगामात झेंडू त्याच जागी लावणार असाल तर ढीग वाफ्यापासून लांब हलवा आणि कांद्याला टाकण्याआधी पसरून दोन-तीन दिवस ऊन द्या. कोंबड्या असतील तर त्या बाकीचं पाहतील.

आणि अळ्या हाताच्या अंगठ्याएवढ्या जाड निघाल्या तर प्रकरण तिसरंच, गेंडाभुंगा. तोही शेणखतात वाढतो. तुमच्या बांधावर नारळ असेल तर त्या मात्र एकेक वेचून काढा, कारण त्याचा भुंगा नारळाच्या शेंड्यात भोक पाडून शिरतो.

गुंठाभर_फुलं

नारळ दोन आहेत, विहिरीपाशी. अळ्या करंगळीहून बारीक आहेत. ओट्यावर सोडल्या, त्यातल्या बऱ्याच उताण्या होऊन चालायला लागल्या आणि सासूबाईंनी आरडाओरडा करून मला ओटा फिनाइलनं धुवायला लावला. काही नुसत्याच वाकड्या पडून राहिल्या, त्या वेगळ्या डब्यात ठेवल्यात. धाकटा उद्या पट्टी लावून फोटो काढेल, टाकते.